रविवारचा ‘सॉबथ’: स्कॉट्स भाषेतील एका वाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडमध्ये राहायला गेलेले, तिथले जुने साहित्य वाचणारे किंवा तिथली कागदपत्रे मराठीत आणणारे वाचक एकाच शब्दापाशी पुन्हा पुन्हा अडखळतात आणि त्याविषयी विचारणा करतात. त्या विचारणांतून निवडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि पुढचे अधिक गुंतागुंतीचे. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा शब्द कोणता, कोणत्या वारासाठी वापरतात, आणि स्कॉट्स म्हणजे नेमकी कोणती भाषा?

शब्द आहे ‘सॉबथ’, आणि वार आहे रविवार. इंग्रजीत ज्याला सॅबथ म्हणतात आणि मराठी बायबलात ज्याला शब्बाथ म्हटले आहे, त्याच शब्दाचा हा स्कॉट्स उच्चार आहे. स्कॉटलंडमध्ये स्कॉट्स धाटणीची इंग्रजी बोलणारे बरेच लोक ‘सॅबथ’ असाही उच्चार करतात. या पानावर स्कॉट्स बोलीतल्या वापरासाठी ‘सॉबथ’ आणि इतरत्र ‘सॅबथ’ असे लिहिले आहे.

स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण म्हणावी अशी जर्मॅनिक कुळातील भाषा आहे. दक्षिण आणि पूर्व स्कॉटलंडचा सखल प्रदेश, ईशान्येचा किनारा आणि ऑर्कनी व शेटलंड ही बेटे हे तिचे मुख्य क्षेत्र आहे. २०२२ च्या जनगणनेत पंधरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे नोंदवले. स्कॉटलंडची दुसरी देशी भाषा गेलिक ही मात्र केल्टिक कुळातील असून स्कॉट्सपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. पुष्कळ वाचक या दोन भाषांची गल्लत करतात. गेलिकमध्ये वारांच्या नावांची गोष्ट निराळीच आहे, आणि ती प्रश्न ८ मध्ये सांगितली आहे.

२. सॅबथ म्हणजे शनिवार ना? मग तो रविवारला कसा चिकटला?

मुळात तो शनिवारच. हिब्रू ‘शब्बात’ या शब्दात थांबणे, काम सोडणे असा अर्थ आहे, आणि यहुदी लोक तो दिवस शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत पाळतात. इटालियनमधील ‘साबातो’ आणि स्पॅनिशमधील ‘साबादो’ ही शनिवारचीच नावे आहेत आणि ती याच शब्दापासून आली आहेत. युरोपच्या एका मोठ्या भागात हा शब्द आपल्या मूळ जागी बसून राहिला, आणि स्कॉटलंडमध्ये तो एक घर पुढे सरकला, असे म्हणता येईल.

तो सरकला त्यामागे धर्मशास्त्रातील एक नेमका युक्तिवाद आहे. स्कॉटलंडमध्ये १५६० साली धर्मसुधारणा झाली आणि देश कॅल्विन या धर्मसुधारकाच्या विचारांचा, पुढे प्रेस्बिटेरियन म्हणून ओळखल्या गेलेल्या पंथाचा झाला. १६४७ साली तिथल्या चर्चने वेस्टमिन्स्टर श्रद्धालेख स्वीकारला. त्यातील मांडणी अशी आहे: सातांतला एक दिवस देवासाठी राखावा ही बायबलच्या दहा आज्ञांतील आज्ञा सर्व काळासाठी आहे, जगाच्या आरंभापासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत तो आठवड्याचा शेवटचा दिवस होता, पुनरुत्थानानंतर तो पहिला दिवस झाला, आणि ख्रिस्ती शब्बाथ म्हणून जगाच्या अंतापर्यंत तोच राहील. आज्ञा तीच राहिली आणि दिवस तेवढा बदलला, तर नावही दिवसाबरोबर जाणारच.

३. सूर्याच्या नावाचा वार नको होता म्हणून ‘सॉबथ’ आला असे ऐकले. मग चंद्राच्या नावाचा सोमवार कसा चालला?

हा प्रश्न विचारणाऱ्याने प्रचलित स्पष्टीकरणाची कमकुवत बाजू बरोबर हेरली आहे. इंग्रजीप्रमाणेच स्कॉट्समध्येही वारांची नावे जुन्या देवदेवतांची आणि ग्रहांची आहेत. ‘मनंडी’ चंद्राचा, ‘टाइझडी’ टीर या जर्मॅनिक युद्धदेवाचा, तर शनिवार रोमन सॅटर्नचा. मूर्तिपूजकांच्या नावांचा विटाळ हेच कारण असते, तर ही सगळीच नावे बदलावी लागली असती. क्वेकर पंथाने तसे खरोखरच केले आणि वारांना ‘पहिला दिवस’, ‘दुसरा दिवस’ अशी नुसती क्रमांकवार नावे दिली. पोर्तुगीज भाषेतही सोमवार ते शुक्रवार ‘दुसरी फैरा’, ‘तिसरी फैरा’ असेच मोजले जातात, आणि गोव्याच्या सरकारी कागदांत ती पद्धत साडेचार शतके होती. लोकांच्या तोंडी मात्र ‘सोमार’ आणि ‘आयतार’च राहिले. स्कॉटलंडमधील कडव्या मंडळींना रविवारच्या सूर्यवाचक नावाचे वावडे होते हे खरे आहे, पण ते कारण मागाहून जोडलेले वाटते.

माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये नाताळ, ईस्टर, संतांचे दिवस असे सगळे सणवार बायबलचा आधार नाही म्हणून रद्द झाले. १६४५ च्या उपासना-निर्देशिकेत तर स्पष्ट लिहिले आहे की, प्रभूचा दिवस, म्हणजेच ख्रिस्ती शब्बाथ, याखेरीज कोणताही दिवस पवित्र म्हणून पाळण्याची आज्ञा नाही. ज्या समाजात वर्षभर सणच उरले नाहीत, त्या समाजात पावित्र्याचा सारा भार बावन्न रविवारांवर आला. आपल्याकडील एखाद्या घरातून दिवाळी, गणपती, संक्रांत, पाडवा सगळे वजा केले आणि फक्त एकादशी ठेवली, तर त्या घरात एकादशीच्या नावाला जे वजन येईल तेच इथे ‘सॉबथ’ला आले. सूर्याचे नाव टाळायचे होते यापेक्षा आज्ञेत असलेले नाव उच्चारायचे होते, ही बाब मला अधिक महत्त्वाची वाटते.

४. रोजच्या बोलण्यात हा शब्द वाक्यात कसा येतो?

अगदी वारासारखा येतो, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट हीच आहे. ‘द मॉर्न इज द सॉबथ’ म्हणजे ‘उद्या रविवार आहे’, एवढाच त्या वाक्याचा भार. ‘मॉर्न’ हा स्कॉट्समध्ये ‘उद्या’साठीचा शब्द आहे. उपपदासह ‘द सॉबथ’ आणि उपपदाशिवाय नुसते ‘सॅबथ’ अशी दोन्ही रूपे आढळतात. विशेषतः चर्चच्या सूचनांत ‘गेल्या सॅबथला’, ‘येत्या सॅबथला’ अशी उपपदरहित रूपे सर्रास असत, आणि उपपद गळून पडते तेव्हा तो शब्द इतर वारांच्या रांगेत जाऊन बसला असे समजावे. रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गाचे नावही स्कॉटलंडमध्ये ‘सॅबथ स्कूल’ असे रूढ होते.

त्या सूचनांमधील एक खाचखळगा सांगायला हवा. स्कॉटलंडमध्ये वाराच्या नावापुढे ‘फर्स्ट’ लावले की लगेच येणारा वार असा अर्थ होतो. ‘सॅबथ फर्स्ट’ म्हणजे हाच रविवार, आणि ‘नेक्स्ट’ म्हटले तर बऱ्याच जणांच्या लेखी त्याच्या पुढचा. जुन्या पत्रातील तारीख ठरवताना हे माहीत नसल्यास हिशेब आठवडाभराने चुकतो.

‘सॉबथ’च्या विरुद्ध बाजूला ‘इल्का-डे’ हा शब्द उभा राहतो. ‘इल्का’ म्हणजे प्रत्येक. शब्दशः ‘प्रत्येक दिवस’ असा अर्थ असूनही व्यवहारात तो ‘रविवार सोडून कुठलाही वार’ या अर्थाने वापरला जातो. ‘सॉबथ क्लेज’ म्हणजे ठेवणीतले कपडे आणि ‘इल्का-डे क्लेज’ म्हणजे रोजचे. आपल्याकडे ‘रोजचा’ आणि ‘सणाचा’ अशी जोडी लागते, तशीच ही जोडी आहे. कायद्याच्या भाषेत याच फरकासाठी ‘कायदेशीर दिवस’ अशी संज्ञा होती, म्हणजे ज्या दिवशी व्यवहार करणे विधिसंमत आहे असा दिवस. उरलेला एक दिवस कोणता, हे वेगळे सांगावे लागत नसे.

५. ‘सॉबथ’ म्हणणारा माणूस धार्मिक असतोच का?

नाही. या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. धर्मोपदेशकांनी हा शब्द लोकांच्या तोंडी रुजवला तो रविवारचे वेगळेपण जागते राहावे म्हणून, पण जो शब्द दर आठवड्याला उच्चारावा लागतो त्याची धार टिकत नाही. चर्चला कधीही न जाणारा, किंबहुना चर्चवर राग असणारा माणूसही ‘सॉबथ’ला मासे पकडायला जातो असे सहज म्हणू शकतो, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही, कारण त्याच्या लेखी ते त्या वाराचे आजीकडून मिळालेले नाव असते. आपणही शनीची पूजा न करता ‘शनिवार’ म्हणतो.

तरीही शब्द पूर्णपणे निर्विकार झालेला नाही. तो बोलणाऱ्याचे वय, गाव आणि वाढलेले घर यांची खूण पटवतो. शहरातील तरुण माणसाने तो वापरला तर बहुधा त्यात थोडी थट्टा, थोडे नाटकीपण किंवा जुन्या पिढीची नक्कल असते. ज्या घरांत सॅबथ खरोखर पाळला जातो तिथे मात्र त्याच शब्दाला आजही पूर्ण वजन आहे. शब्द एक आणि सूर तीन, आणि नेमका कोणता सूर आहे हे संदर्भावरूनच ओळखावे लागते.

६. मग स्कॉट्समध्ये ‘संडे’ हा शब्द नाहीच का?

आहे, आणि तो कधीच गेला नव्हता. स्कॉटलंडचा राष्ट्रकवी मानला जाणारा रॉबर्ट बर्न्स याने १७८५ च्या सुमारास लिहिलेली, गावच्या सामुदायिक प्रभुभोजनाच्या (येशूच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या विधीच्या) मेळ्यावरील उपहासपर कविता उघडली तर पहिल्याच ओळीत उन्हाळ्यातील सकाळचा वार ‘संडे’ असा दिला आहे. कवितेचा विषयच चर्चचा आहे, तरीही त्याने दुसरा शब्द निवडला. धर्ममार्तंडांची टर उडवणाऱ्या कवीने हे मुद्दाम केले असेल असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसे करण्याची गरज नाही, कारण ‘संडे’ त्याच्याही बोलीतलाच शब्द होता.

दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदत होते आणि निवड प्रसंगावर अवलंबून असे. उपदेश, सूचना, शाळा, घरातील शिस्त या ठिकाणी ‘सॉबथ’, तर बाजार, गाणी आणि गप्पा यांत ‘संडे’, असा ढोबळ कल दिसतो. ‘लॉर्ड्स डे’ म्हणजे प्रभूचा दिवस हे तिसरे नावही होते. प्रश्न २ मधील श्रद्धालेखात ते ठळकपणे येते, परंतु ते लेखी आणि प्रार्थनेच्या भाषेतच अधिक राहिले. सामान्य माणसाने त्यातून ‘सॅबथ’ उचलला, याचे श्रेय मोठ्या अंशी पाठांतराला द्यावे लागेल. १०७ प्रश्नोत्तरांची धर्मप्रश्नावली स्कॉटिश मुले पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ करत आली, आणि तिच्यातील चौथ्या, म्हणजे शब्बाथच्या, आज्ञेवरील प्रश्नांत ‘सॅबथ’ हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. पाढ्यांसारखे घोकलेले सहसा जिभेवरून जात नाही.

७. सॅबथ ‘पाळणे’ आणि ‘मोडणे’ म्हणजे नेमके काय?

या क्रियापदांसाठी मराठी वाचकाला वेगळा अर्थ शिकावा लागत नाही, कारण आपण उपवास पाळतो आणि मोडतो त्याच चालीवर ती आहेत. वर उल्लेखिलेल्या धर्मप्रश्नावलीनुसार सबंध दिवस विश्रांतीत आणि उपासनेत घालवावा, इतर दिवशी योग्य असलेली कामे व करमणूकही त्या दिवशी टाळावी. अपवाद फक्त ‘गरजेच्या आणि दयेच्या’ कामांचा. गाईचे दूध काढणे गरजेचे, आजाऱ्याची शुश्रूषा दयेची, आणि बाकी सगळ्यावर वाद. या दोन शब्दांच्या कक्षेत काय येते आणि काय येत नाही, यावर स्कॉटलंडने किमान तीनशे वर्षे काथ्याकूट केला.

वेस्टर्न आयल्स या पश्चिमेकडील बेटांवरील कडक घरांत पाणी भरून ठेवणे, बटाटे सोलणे, जळणाचा पीट (दलदलीतील सुकवलेली माती) घरात आणणे ही कामे शनिवारी रात्रीच उरकली जात. मासेमारीच्या होड्या शनिवारी मध्यरात्रीच्या आत बंदरात परतत आणि सोमवार लागल्याशिवाय निघत नसत. यहुदी शब्बात सूर्यास्तापासून मोजतात, स्कॉटिश सॅबथ मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत, हा महत्त्वाचा फरक यातून दिसतो.

वाद कधी कधी हातघाईवर आले. ३ जून १८८३ रोजी, रविवारी, वायव्य किनाऱ्यावरील स्ट्रोम फेरी येथे बोटींतून आलेले मासे रेल्वेत चढवले जाणार होते, तेव्हा स्थानिक लोकांनी धक्का ताब्यात घेऊन ते काम रोखले. त्या प्रकरणात दहा जणांना तुरुंगवास झाला. दारूच्या बाबतीत १८५३ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील पब रविवारी बंद केले. हॉटेलात मात्र ‘खऱ्याखुऱ्या प्रवाशाला’ मद्य मिळू शकत असे. या सवलतीमुळे रविवारी गावोगाव अचानक किती प्रवासी निर्माण झाले असतील याची कल्पना कोणीही करू शकतो. पबना रविवारी उघडण्याची मुभा १९७६ च्या कायद्याने मिळाली.

खेळाच्या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एरिक लिडेल यांचे आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी असल्याने ते त्यांत धावले नाहीत, आणि नंतर ४०० मीटरचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. सेंट अँड्र्यूज येथील गोल्फचे ऐतिहासिक ओल्ड कोर्स मैदान आजही, मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडता, रविवारी खेळासाठी बंद असते, आणि गावकरी त्यावरून निवांत फिरायला जातात.

या कडकपणावर स्कॉटिश लोकांनी स्वतःच भरपूर विनोद केले आहेत. एका जुन्या विनोदात परका प्रवासी रविवारी वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला म्हणतो, “आज दिवस काय छान पडलाय!” त्यावर म्हातारा दरडावतो, “आजचा दिवस काय दिवसांबद्दल बोलण्याचा आहे?”

८. गेलिक भाषेतही रविवारला सॅबथच म्हणतात का?

यावर एकच उत्तर देता येत नाही, कारण ते बोलणारा कोणत्या बेटावरचा आहे यावर ठरते. लुईस, हॅरिस, नॉर्थ युइस्ट, स्काय या प्रोटेस्टंट भागांत ‘ला ना साबच’, म्हणजे शब्बाथचा दिवस, असे म्हणण्याची रीत आहे. साउथ युइस्ट, एरिस्के, बॅरा या कॅथलिक बेटांवर धर्मसुधारणेचे लोण टिकले नाही, आणि तिथे ‘जिदोनिख’ हे जुने नाव चालते. ते लॅटिनमधील ‘प्रभूचा’ या अर्थाच्या शब्दापासून आलेले आहे. (गेलिक उच्चार देवनागरीत जेमतेमच बसतात, ते अंदाजे समजावेत.) मधल्या बेन्बेक्युलावर दोन्ही पंथांची वस्ती आहे. एकाच द्वीपमालिकेतील एका टोकाकडून दुसरीकडे जाताना वाराचे नाव बदलते, आणि नुसत्या त्या एका शब्दावरून समोरच्याचा पंथ बहुधा ओळखता येतो. लक्षात घ्या, येथे दोन्ही नावे धार्मिकच आहेत. सूर्याचे नाव गेलिकमध्ये या वाराला नाहीच.

गेलिकचे खरे वैशिष्ट्य मात्र आठवड्याच्या मध्यावर आहे. बुधवारचे नाव ‘जिकियादिन’ म्हणजे पहिला उपास, शुक्रवारचे ‘जिहून्य’ म्हणजे उपासाचा दिवस, आणि त्या दोहोंच्या मध्ये येणारा गुरुवार ‘जिर्दून’, म्हणजे दोन उपासांमधला दिवस. प्राचीन आयरिश मठांत बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत, त्याची ही खूण आहे. प्रेस्बिटेरियन लोकांनी ते उपास केव्हाच सोडले, कॅथलिकांमध्येही बुधवारचा उपास उरला नाही, तरी गेलिक भाषक बाजाराचा दिवस सांगतानाही ‘पहिला उपास’ म्हणतो आणि त्याला त्यात उपास दिसत नाही. साध्या वाराला धार्मिक नाव असण्याचे याहून उत्तम उदाहरण मला तरी माहीत नाही. ‘सॉबथ’ त्याच्यापुढे नवखा ठरतो.

९. स्कॉट्समध्ये रविवारखेरीज आणखी कोणत्या दिवसाला असे नाव आहे का?

कायमचे नाव नाही, परंतु हंगामी नाव होते. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनाचा विधी वर्षातून एकदा किंवा दोनदाच मोठ्या प्रमाणात होत असे आणि तो अनेक दिवस चाले. त्याआधीच्या गुरुवारी उपासाचा दिवस असे, आणि त्या आठवड्यापुरता तो गुरुवार गुरुवार न राहता ‘फास्ट डे’ होई. दुकाने आणि शाळा बंद राहत. पुढे शहरांतील लोक त्या दिवशी उपास करण्याऐवजी सहलीला जाऊ लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच गावांनी तो रद्द करून त्याऐवजी साधी स्थानिक सुट्टी ठेवली. गेलिक भागात हा क्रम अधिक काळ टिकला. तिथे गुरुवार उपासाचा, शुक्रवार ‘प्रश्नाचा दिवस’, ज्यात अनुभवी मंडळी खऱ्या श्रद्धेच्या खुणांवर बोलत, शनिवार तयारीचा, रविवार विधीचा आणि सोमवार आभाराचा, असा सगळा पंचक असे.

शेटलंडमध्ये ‘हेली’ असा एक वेगळा शब्द आहे. जुन्या नॉर्स भाषेतील ‘पवित्र’ या अर्थाच्या शब्दापासून तो आलेला असून शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंतच्या काळाला, म्हणजे आजच्या भाषेत वीकेंडला, तो लावतात. नॉर्वेजियन भाषेत ‘हेल्ग’ हा शब्द वीकेंडसाठी आजही चालतो, आणि तिथेही कोणाला त्यात पावित्र्य ऐकू येत नाही.

१०. लुईस बेटावर आजही रविवारी सगळे बंद असते, हे खरे आहे का?

आता नाही, परंतु फरक अजूनही जाणवतो. तिथे फ्री चर्च आणि तिच्याशी साधर्म्य असलेल्या कडक प्रेस्बिटेरियन शाखांचा मोठा प्रभाव आहे, आणि काही काळापूर्वीपर्यंत रविवारी उद्यानातील झोपाळेही कुलूपबंद असत. १९६५ साली शेजारच्या स्काय बेटावर रविवारची फेरीबोट सुरू झाली तेव्हा निदर्शकांनी वाट अडवली होती. लुईसच्या स्टॉर्नोवे शहरात रविवारची विमानसेवा २००२ मध्ये, मुख्य भूमीवरील अलापूलची रविवारची फेरीबोट जुलै २००९ मध्ये, आणि तिथल्या एका मोठ्या सुपरमार्केटचा रविवारचा व्यवहार नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. प्रत्येक वेळी विरोध झाला आणि विरोधकांमध्ये फक्त भाविकच नव्हते. आठवड्यातील एक दिवस निवांत असावा, एवढ्याच कारणाने सॅबथची बाजू घेणारे अश्रद्ध लोकही तिथे भेटतात.

पाहुण्यांसाठी सूचना एवढीच की, तिथे मुक्काम असल्यास रविवारी दोरीवर कपडे वाळत घालण्यापूर्वी यजमानांना विचारावे.

११. स्कॉटलंडमधील यहुदी किंवा शनिवार पाळणारे ख्रिस्ती ‘सॅबथ’ म्हणतात तेव्हा कोणता दिवस समजायचा?

शनिवार. ग्लासगो आणि एडिनबरो येथील यहुदी समाजाचा आणि सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा सॅबथ शनिवारीच असतो. शनिवारी बंद असलेल्या दुकानावर ‘सॅबथनिमित्त बंद’ लिहिलेले असू शकते, आणि शेजारचे प्रेस्बिटेरियन कुटुंब तोच शब्द दुसऱ्या दिवसासाठी वापरत असते. अशा ठिकाणी बोलणाऱ्याचा समाज माहीत असल्याशिवाय वार ठरवू नये.

आज्ञेच्या क्रमांकाचाही असाच घोळ होतो. प्रेस्बिटेरियन मोजणीत सॅबथची आज्ञा चौथी आहे, कॅथलिक आणि लुथरन मोजणीत तिसरी. जुन्या स्कॉटिश मजकुरात ‘चौथी आज्ञा मोडली’ असे आले तर आरोप रविवारी काम केल्याचा आहे. कॅथलिक क्रमाने पाहणारा वाचक तो आईवडिलांचा अवमान समजून बसेल.

१२. मराठीत भाषांतर करताना ‘रविवार’ लिहावे की ‘शब्बाथ’?

प्रश्न ५ मध्ये सांगितलेले सूर येथे कामी येतात. बोलणारा केवळ वार सांगत असेल, तर ‘रविवार’च लिहावे, ‘शब्बाथला ये, जेवायलाच ये’ असे वाक्य मराठीत उगाचच सोवळ्यात गेल्यासारखे वाटते. पाळण्याचा, मोडण्याचा किंवा उपदेशाचा संदर्भ असेल, तर ‘शब्बाथ’ योग्य, पण एकदा तरी ‘रविवारचा शब्बाथ’ असे स्पष्ट करावे. नाहीतर मराठी वाचक शनिवार समजण्याची शक्यता असते, आणि त्याला तसे समजण्याचे रास्त कारणही आहे.

ते कारण कोकणात सापडते. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी बोलणाऱ्या या यहुदी समाजाविषयी एकोणिसाव्या शतकात ज्यांनी लिहिले, त्यांत स्कॉटलंडमधील लॉडर गावचे मिशनरी जॉन विल्सन होते. ते १८२९ साली मुंबईत आले, आणि आजच्या विल्सन कॉलेजचा उगम त्यांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेत आहे. ज्या परंपरेत रविवार हाच सॅबथ, तीत वाढलेल्या माणसासमोर शनिवारी घाणा थांबवणारी, अस्सल मराठी बोलणारी माणसे उभी होती. या मंडळींच्या जातीच्या नावातच वार होता, पण तो कुठल्याही धार्मिक शब्दाने सांगितलेला नव्हता. शेजाऱ्यांनी त्यांना दिलेले नाव साध्या मराठी ‘शनिवार’चे होते.

१३. चेटकिणींचा ‘सॅबथ’ आणि प्राध्यापकांची ‘सबॅटिकल’ रजा यांचा याच्याशी संबंध आहे का?

शब्दाच्या मुळाशी आहे, स्कॉट्स वापराशी नाही. सबॅटिकल हा शब्द सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याच्या हिब्रू नियमावरून आला. चेटकिणींच्या काल्पनिक रात्रसभांना ‘सॅबथ’ हे नाव युरोपात दिले गेले ते यहुद्यांविषयीच्या द्वेषातून, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या आणि सतराव्या शतकांत चेटूक केल्याच्या आरोपावरून अनेकांना मृत्युदंड झाला, त्यामुळे या दोन गोष्टी जोडण्याचा मोह होतो. परंतु गावातील माणूस ‘सॉबथ’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चेटकिणी नसतात. बहुधा सोमवारी कामावर जायचे आहे हा विचार असतो.